परदेशी तिजारतीची तालीम नांदगावातही मिळू शकते

पदवीचे निकाल लागले की आमच्या दुकानात कापड घेण्यापेक्षा सल्ला घेण्यासाठी येणाऱ्यांचीच गर्दी जास्त होते. प्रश्न बहुधा एकच असतो. मुलाला बिझनेस शिकवायचा आहे, बाहेर पाठवावे काय? पूर्वी बाहेर म्हणजे पुणे किंवा मुंबई असे समजले जाई. आता बाहेर म्हणजे इंग्लंड, कॅनडा. विचारणारा कोणी मालेगावचा कारखानदार असतो, कोणी मनमाडचा हार्डवेअरवाला, कोणी आपल्या नांदगावच्या बाजार समितीतला कांद्याचा अडत्या. त्यांचे म्हणणे असे की आता धंदा जगभरचा झाला आहे, आपल्या पोराला जगाचा धंदा यायला हवा आणि तो इथे राहून येणार नाही.

यातला पहिला भाग आम्हाला मान्य आहे, दुसरा नाही.

आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराने सहा लूम विकून मुलाला इंग्लंडला एक वर्षाच्या कोर्ससाठी पाठवले. मुलगा मेहनती आहे, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण तिकडची फी आणि घरभाडे भागवण्यासाठी त्याला संध्याकाळी एका गोदामात खोकी उचलावी लागली. वर्ष संपले, प्रमाणपत्र मिळाले, मुलगा परत आला. वडिलांनी मोठ्या हौसेने त्याच्यापुढे सौदीच्या एका गिऱ्हाइकाचे पत्र ठेवले. त्यात बिल ऑफ लॅडिंगच्या तारखेसंबंधी काही अट होती. मुलाला ती कळली नाही. ज्या लूमवर तो माल निघायचा त्या सहा लूम तर आधीच दुसऱ्याच्या शेडमध्ये गेल्या होत्या.

शिवाय बाहेरच्या देशांची दारेही पूर्वीइतकी उघडी नाहीत. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर संख्येची मर्यादा घातली आणि खर्चासाठी दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २० हजार ६३५ डॉलरवर नेली. इंग्लंडने त्याच महिन्यापासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब बरोबर आणण्यास मनाई केली. ज्याला शिष्यवृत्ती मिळते, ज्याला संशोधन करायचे आहे, त्याने जरूर जावे. पण केवळ व्यापार शिकण्यासाठी जमीन किंवा यंत्रमाग विकण्याआधी आपण नेमके काय विकत घेत आहोत, हे पाहणे व्यापाऱ्याला तरी जमले पाहिजे.

तर परदेशी व्यापाराचे हुनर म्हणजे नेमके काय? आम्हाला ते उशिरा आणि नुकसान सोसून कळले. तो किस्सा सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या ओळखीने दुबईच्या एका दुकानदाराने आमच्याकडे तीन हजार लुंग्यांची चौकशी केली. त्याने व्हॉट्सॲपवर विचारले, "एफओबी रेट?" हा शब्द आम्ही अनेकदा ऐकलेला होता. आमची समजूत अशी की एफओबी म्हणजे माल आपल्या दारातून निघतानाचा दर. मालेगावच्या ट्रान्सपोर्टपर्यंतचा खर्च धरून आम्ही डॉलरमध्ये भाव कळवला आणि शेवटी 'एफओबी न्हावा शेवा' असे मोठ्या ऐटीत लिहिले. सौदा पक्का झाला. माल निघाल्यावर एकेक बिल यायला लागले. न्हावा शेव्यापर्यंतचे ट्रकभाडे आले. कंटेनर भरेल इतका माल नव्हता, म्हणून इतरांच्या मालाबरोबर तो भरण्याचा आकार आला. क्लिअरिंग एजंटची फी आली, बंदरातल्या हाताळणीचे पैसे आले, कागदपत्रांचे वेगळे आले. आम्ही गिऱ्हाइकाला फोन करून हे पैसे मागितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "भाईजान, आपने ही एफओबी लिखा है." त्याचे बरोबर होते. एफओबी म्हणजे ठरलेल्या बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा सगळा खर्च आणि जोखीम विकणाऱ्याची. आमच्या डोक्यात जो दर होता त्याला एक्स-वर्क्स म्हणतात. नफ्याचे चार हिस्से धरले तर तीन त्या एका शब्दात गेले.

खरी गोष्ट पुढेच आहे. हा हिशेब घरी चालला असताना आमची पुतणी, जी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, म्हणाली, "चाचा, हे तर आमच्या पुस्तकात आहे." तिने वही आणली. त्यात एफओबी, सीआयएफ, एक्स-वर्क्स यांच्या व्याख्या सुंदर अक्षरात लिहिलेल्या होत्या, परीक्षेला चार गुणांसाठी पाठ केलेल्या. आम्ही तिला विचारले, मालेगावहून न्हावा शेव्याला ट्रक किती घेतो? क्लिअरिंग एजंट कशाचे पैसे घेतो? तिला माहीत नव्हते. म्हणजे व्याख्या तिच्याकडे होती आणि बिले आमच्याकडे. एका छताखाली राहून दोघांनाही धंदा येत नव्हता.

आमच्या मते सगळी मेख इथे आहे. कॉलेज आणि दुकान यांच्यात जे अंतर पडले आहे ते नांदगाव आणि लंडन यांच्यातल्या अंतरापेक्षा जास्त नुकसान करते.

या शर्तींना इन्कोटर्म्स म्हणतात. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने त्या प्रथम १९३६ साली काढल्या आणि २०२० च्या आवृत्तीत त्या ११ आहेत. कंटेनरने जाणाऱ्या मालासाठी एफओबीऐवजी एफसीए ही शर्त वापरावी, असे हे मंडळच सांगते. कारण कंटेनर आपण बंदराबाहेरच्या स्टेशनवर ताब्यात देतो, जहाजावर चढवणे आपल्या हाती नसते. ही माहिती आम्हाला तेव्हा कोणी दिली असती तर! असो.

आता विद्यार्थ्यांना इथेच काय शिकता येईल ते पाहू. आमचा धंदा कापडाचा, म्हणून कापडापासूनच सुरुवात करतो. वाचकांनी आपापल्या मालाला हेच लावून पाहावे.

जगातल्या प्रत्येक मालाला एक आकडा असतो. त्याला एचएस कोड म्हणतात. त्यातले पहिले सहा अंक साऱ्या जगात सारखे असतात, आपल्याकडे आठ अंक लिहितात. ५० ते ६३ ही प्रकरणे कापडाची आणि कपड्यांची. जीएसटीच्या बिलावर आपण सगळेच हा आकडा लिहितो, पण मुनीम जो सांगेल तो. विद्यार्थ्याच्या हातात कापडाचा एक तुकडा द्या आणि सांगा, याचा आकडा शोध. मग त्याला कळेल की सूत ८५ टक्के किंवा त्याहून जास्त आणि वजन चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत असेल तर ते ५२०८ मध्ये जाते. २०० ग्रॅमच्या वर गेले की ५२०९. पॉलिएस्टरचा आखूड धागा जास्त असलेले मिश्र कापड असेल तर प्रकरणच बदलते, ते ५५ व्या प्रकरणात जाते. हे ठरवण्यासाठी त्याला तुकडा मोजून कापावा लागेल, सोनाराकडच्या बारीक काट्यावर तोलावा लागेल, धागा जाळून वास घ्यावा लागेल, भिंगाखाली इंचातले ताणे-बाणे मोजावे लागतील. आपल्या लूमवरचा अडाणी समजला जाणारा कारागीर हे काम दोन मिनिटांत करतो. त्याला आकडा माहीत नाही एवढेच. त्या दोघांना एका बाकावर बसवले की दोघेही शिकतात.

आकडा चुकला तर पलीकडच्या बंदरात जकात चुकते. संयुक्त अरब अमिरातीशी आपल्या देशाचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यामुळे आपल्या बऱ्याच कापडावर आणि कपड्यांवर तिकडची ५ टक्के जकात लागत नाही. मात्र माल भारतात तयार झाला आहे असे त्या कराराखालचे मूळ देशाचे प्रमाणपत्र सोबत हवे. प्रमाणपत्र नसेल तर गिऱ्हाइकाला ५ टक्के भरावे लागतात, आणि पुढच्या खेपेला तो सुरतेच्या ज्या व्यापाऱ्याने ते दिले त्याच्याकडे जातो. हा अर्ज ऑनलाइन भरता येतो. बी.कॉम.ची मुलगी तो भरायला एका दुपारी शिकते.

पत्रव्यवहाराचेही तसेच. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. इंग्रजीची भीती आम्हाला पन्नाशीपर्यंत पुरली. पण परदेशी गिऱ्हाइकाला शेक्सपिअरची इंग्रजी नको असते. त्याला पन्हा किती, वजन किती, माल कधी निघेल, पैसे कसे द्यायचे, एवढेच चार ओळींत हवे असते. चुका व्याकरणात कमी आणि अंकांत जास्त होतात. आपण लाख-कोटी बोलतो, तो मिलियन बोलतो. ०५/०६ अशी तारीख लिहिली तर आपण पाच जून समजतो आणि अमेरिकेचा माणूस सहा मे समजतो. म्हणून महिना अक्षरांत लिहावा. सौदीत आणि बांगलादेशात सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, तर अमिरातीच्या सरकारने २०२२ पासून ती शनिवार-रविवार केली आणि शुक्रवारी अर्धा दिवस ठेवला. आपल्या मुलांकडे यात एक मोठी दौलत आहे, जिची आपण कदर करत नाही. दुबईच्या बाजारात उर्दू चालते, आणि मदरशात शिकलेल्या मुलाला अरबी अक्षरे वाचता येतात. त्याने थोडी व्यापारी अरबी शिकली तर इंग्लंडहून आलेल्या मुलापेक्षा तो काकणभर पुढेच राहील.

पैसे मिळण्याचा विषय सर्वात नाजूक आहे. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे बँकेची हमी, आता निर्धास्त झोपा, असा आपल्यात समज आहे. बँक माल पाहत नाही, बँक कागद पाहते. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या नियमांप्रमाणे कागद तपासण्यासाठी बँकेला ५ कामकाजी दिवस मिळतात, आणि माल जहाजावर चढल्यापासून साधारणपणे २१ दिवसांच्या आत कागद बँकेत गेले पाहिजेत. इन्व्हॉईसवर मालाचे वर्णन एक आणि क्रेडिटमध्ये दुसरे असेल तर उत्तम माल पाठवूनही पैसे अडकतात. विद्यार्थ्यांसाठी यासारखा अभ्यास नाही. एक लेटर ऑफ क्रेडिट, एक इन्व्हॉईस, एक पॅकिंग लिस्ट आणि एक बिल ऑफ लॅडिंग त्यांच्यापुढे ठेवा, त्यात मुद्दाम पाच चुका करून ठेवा आणि शोधायला सांगा. ज्या उमतीच्या ग्रंथात सूरह बकराची २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, आणि जी साऱ्या कुरआनातली सर्वात लांब आयत आहे, त्या उमतीचे व्यापारी आजही लाखाचे सौदे तोंडी करतात याचा आम्हाला खेद वाटतो. त्यात आम्हीही आलोच.

कापड सोडून बाजार समितीत चला. नांदगाव आणि बोलठाणच्या बाजारात जो कांदा उतरतो त्याचा भाव ठरायला दिल्लीतली एक अधिसूचना पुरते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान दर गेला, शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. पलीकडे बांगलादेश आपल्या शेतकऱ्यांना सांभाळण्यासाठी आयातीचे परवाने कधी देतो, कधी रोखतो. कॉलेजच्या चार मुलांनी वर्षभर एक वही ठेवावी. एका रकान्यात नांदगावचा भाव, दुसऱ्यात सरकारची अधिसूचना, तिसऱ्यात ढाक्याची बातमी. वर्षाअखेरीस ती वही कोणत्याही परदेशी विद्यापीठाच्या प्रकल्पाच्या तोडीची होईल, आणि अडत्यालाही तिचा उपयोग होईल.

आपल्याच जिल्ह्यातल्या द्राक्षांनी हा धडा फार महाग घेतला. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचा अंश तिकडच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि कंटेनर अडकले. माल गोड होता, रंग चांगला होता. तिकडच्या प्रयोगशाळेत काय तपासतात याची खबर इकडे वेळेवर नव्हती. कापडवाल्यांनी हसू नये. जर्मनीने १९९४ साली काही अझो रंगांवर बंदी आणली तेव्हा आपल्या रंगाऱ्यांची हीच अवस्था झाली होती, आणि १९९७ मध्ये आपल्या सरकारलाही ते रंग बंद करावे लागले. द्राक्षवाल्यांनी मात्र यातून रस्ता काढला. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी विलास शिंदे यांच्या पुढाकाराने त्याच सुमारास उभी राहिली आणि आज तिची द्राक्षे युरोपात जातात. कोणत्या बागेत कोणत्या दिवशी काय फवारले याची नोंद ठेवणे हे तिथले रोजचे काम आहे. एक दिवसाची सहल त्रंबकेश्वर किंवा वेरूळऐवजी मोहाडीला नेली तर विद्यार्थी काही वेगळे पाहून येतील.

परक्या देशाच्या माणसाबरोबर काम करण्याची सवय कशी लागणार, हा प्रश्न उरतो. तो रास्त आहे. पण त्यावरही जगात उपाय झाला आहे. स्वीडनमधील माल्मो विद्यापीठाच्या बेंग्ट निल्सन यांनी १९९९ मध्ये घरी राहून आंतरराष्ट्रीय होण्याची कल्पना मांडली. कारण साधे होते, बहुतेक विद्यार्थी कधीच परदेशी जात नाहीत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये दोन देशांतल्या वर्गांना ऑनलाइन एकत्र शिकवण्याचे केंद्र काढले. २०१० पासून नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो शाखेतले प्रा. वास तारास एक्स-कल्चर नावाचा प्रकल्प चालवतात. त्यात निरनिराळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांची मिळून एक तुकडी करतात आणि तिला एखाद्या कंपनीची खरी अडचण देतात, उदाहरणार्थ हा माल कोणत्या नव्या देशात विकावा. काही आठवडे पत्रव्यवहार करून त्यांनी अहवाल द्यायचा. तुकडीतला एखादा काम न करता नाव लावतो, कोणी वेळेवर उत्तर देत नाही, एकाचा दिवस तर दुसऱ्याची रात्र. हेच तर शिकायचे आहे! यासाठी पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. कॉलेजचा एक तयार प्राध्यापक आणि बरे इंटरनेट लागते. नांदगाव, मनमाड, मालेगावच्या कॉलेजांतील वाणिज्य विभागांनी याची चौकशी करावी अशी आमची विनंती आहे.

आमच्या मुलींच्या दृष्टीने तर हे अधिक महत्त्वाचे आहे. मुलाला परदेशी पाठवण्यासाठी प्लॉट विकणारा बाप मुलीसाठी नाशिकचे हॉस्टेलही नको म्हणतो. हे चूक की बरोबर तो वाद आज नको. पण बी.कॉम. झालेल्या कितीतरी मुली घरी बसून आहेत, आणि निर्यातीची कागदपत्रे हे काम घरातल्या टेबलावर होणारे आहे.

यात आम्हा व्यापाऱ्यांचा कसूर मोठा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगला, श्रेयांक आहेत. मुले कागद घेऊन दुकानात येतात आणि आपण काय करतो? सही करतो, शिक्का मारतो आणि "जा बेटा, अल्लाह कामयाब करे" म्हणून वाटेला लावतो. त्याने चहा प्याला तेवढाच त्याचा अनुभव. आपल्याला भीती असते की मुलगा भाव पाहील, गिऱ्हाइकाचे नाव पाहील आणि बाहेर सांगेल. त्यावर तोड आहे. नावावर आणि रकमेवर कागदाची पट्टी चिकटवून त्याची झेरॉक्स काढावी. बाकी सगळे त्याला वाचू द्यावे.

आम्ही आता तेच करतो. रविवारी जुहरनंतर दुकानाच्या मागच्या खोलीत पाच-सहा मुले-मुली बसतात. पहिल्या वर्गात आम्ही त्यांना आमचे एफओबीचे बिल दाखवतो, पट्टी न लावता. आयात-निर्यात कोडसाठी अर्ज करायला ५०० रुपये लागतात, पॅन आणि बँक खाते लागते, दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती ताजी करावी लागते, हे त्यांना आता तोंडपाठ आहे. छोटा माल टपालानेही परदेशी पाठवता येतो, त्यासाठी टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे काढली आहेत. आपल्याला जवळचे कोणते, हे टपाल कार्यालयात विचारून येण्याचे काम एका मुलाकडे दिले आहे.

दुबईच्या त्या दुकानदाराचा गेल्या आठवड्यात पुन्हा निरोप आला. यावेळी दर पुतणीने काढला. ट्रक, गोदाम, एजंट, बंदर, कागद, बँकेचे शुल्क, सगळे मिळून तिने अकरा ओळी लिहिल्या आणि एफसीएचा भाव वेगळा दाखवला. भाव आमच्या जुन्या भावापेक्षा बराच वर गेला. आमचा हात पाठवताना जरा कचरला, तिचा नाही. उत्तर अजून आलेले नाही. शुक्रवारी दुपारनंतर तिकडची कचेरी बंद, म्हणून सोमवारी आपल्या साडेदहाला, म्हणजे त्यांच्या नऊला, ती त्याला पुन्हा लिहिणार आहे.